दुकान उघडं होतं, तरी झिंझर का?

४ मे २०२० चा दिवस आठवतोय काय? चाळीस दिवस बंद असलेली दारूची दुकानं त्या दिवशी कर्नाटकात उघडली. सकाळी नऊच्या आधीपासनं रांगा. कुठं शटरसमोर नारळ फोडले, कुठं बाटलीला हार घातला. राज्याच्या अबकारी खात्यानं सांगितलं, पहिल्याच दिवशी ४५ कोटींची दारू विकली गेली. आपल्या ग्रुपवर दिवसभर तेच. 'देशाची अर्थव्यवस्था खांद्यावर घेऊन निघालेले वीर' वगैरे. मीही पाच-सहा मीम पुढं ढकलले, हसण्याच्या इमोजीसकट. खोटं कशाला बोलू.

पण त्याच्या महिनाभर आधी आमच्याच गल्लीत जे झालं होतं, ते मी त्या दिवशी सोयीनं विसरलो होतो.

गल्लीतले एक मामा. माग चालवायचे. संध्याकाळी माग थांबला की नव्वदची तीन-चार पाकिटं, रोज, पंधरा-वीस वर्षं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. जेवायचे आणि झोपायचे. २५ मार्चला देश बंद झाला. दुसऱ्या दिवसापासनं मामांचे हात थरथरायला लागले, चहाचा कप धरवेना. तिसऱ्या रात्री ते ओरडत बाहेर आले, "भिंतीवरनं मुंग्या याय लागल्यात, पाणी घाला, पाणी घाला." भिंतीवर काहीच नव्हतं. मामी रडत होत्या. कट्ट्यावर बसलेल्यांतला एकजण म्हणाला, "काय नाही ओ, दारू मिळंना म्हणून नाटकं करूलेत." आम्ही पोरं हसलो. पहाटे मामांना फिट आली.

एका दवाखान्यानं दारातनंच परत पाठवलं. कोरोनाची भीती होती, समजू शकतो. दुसऱ्या ठिकाणी घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी मामींना विचारलं, "अचानक बंद केली काय?" मामी म्हणाल्या, "आम्ही कुठं केली? सरकारनं केली."

ते नाटक नव्हतं. त्याला नाव आहे आणि औषधही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला सरावलेला असतो. ती गुंगी ओढून धरते म्हणून मेंदू उलट्या बाजूनं जोर लावत राहतो. दारू एका दिवसात काढून घेतली की तो जोर मोकाट सुटतो. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट, दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, ताप, भ्रम. शेवटच्या टप्प्यावर उपचार मिळाले नाहीत तर माणूस मरतो. उपचार म्हणजे डायझेपामसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कमी करत देणं, बी-वन जीवनसत्त्व आणि सलाईन. यातलं काहीच महाग नाही. पण हे माहीत असलेला माणूस त्या रात्री गल्लीत पाहिजे होता.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'नं केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये, म्हणजे लॉकडाऊनच्या वर्षभर आधीच, प्रसिद्ध झालं होतं. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि त्यातले जवळजवळ तीन कोटी दारूवर पूर्ण अवलंबून. अशा ३८ जणांमागं एकालाच कसलातरी उपचार मिळतो, हेही त्यातच लिहिलंय. म्हणजे कुलूप लावताना आत किती मामा आहेत हे सरकारला ठाऊक होतं.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, उज्जैनची बातमी वाचून.

उज्जैन आपल्याला परकं गाव नव्हे. राणोजी शिंद्यांनी तिथं ठाणं केलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्याआधी तिथंच होती. क्षिप्रेच्या काठी आजही मराठी घरं आहेत. आणि दारूशी या गावाचं नातंही जगावेगळं. काळभैरवाला तिथं दारूचाच नैवेद्य. बशीत ओतलेली दारू मूर्तीच्या ओठाला लावतात, उरलेली बाटली भक्ताला प्रसाद म्हणून परत. नवरात्रात महाअष्टमीला चौबीस खंबा मंदिरात नगरपूजा होते, तेव्हा खुद्द जिल्हाधिकारी देवीला दारू चढवतात आणि मग शहरभर फिरून वाटेतल्या देवळांपर्यंत दारूची धार सोडली जाते. अशा गावात दारू म्हणजे नुसतं व्यसन किंवा नुसतं पाप, असं म्हणून भागत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात उज्जैन कोरोनानं बेजार होतं. बाधितांमागं मरणाऱ्यांचं प्रमाण ज्या शहरांत फार होतं, त्यांत त्याचं नाव होतं. त्यामुळं मे महिन्यात मध्य प्रदेशानं बाकीकडची दारूची दुकानं उघडायला परवानगी दिली तेव्हा भोपाळ, इंदूर आणि उज्जैन ही तीन ठिकाणं बंदच ठेवली. रांगांतली गर्दी बघता मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. आपल्याकडं मुंबईत दुकानं उघडून दोन दिवसांत पुन्हा बंद करावी लागली होती ती याच गर्दीपायी.

यथावकाश उज्जैनची दुकानंही उघडली. ऑक्टोबर आला. आणि १४-१५ ऑक्टोबरला शहराच्या जुन्या भागात, खाराकुआं ठाण्याच्या हद्दीत आणि आसपास, फुटपाथवर माणसं मेलेली सापडायला लागली. आधी दोन-तीन, मग आणखी. दोन दिवसांत आकडा चौदाच्या आसपास गेला. बहुतेक सगळे हातावर पोट असलेले. मजूर, भीक मागून जगणारे, रात्री दुकानाच्या पायरीवर झोपणारे. त्यांनी प्यायलेल्या चिजेचं स्थानिक नाव 'झिंझर'. डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे पिण्यालायक राहू नये म्हणून मुद्दाम बिघडवलेलं कारखान्याचं नि साफसफाईचं अल्कोहोल, पाण्यात मिसळून प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं आणि गाठ मारून विकायचं.

बातमी वाचताना पहिला प्रश्न डोक्यात आला तो हा, की लॉकडाऊन तर उठलेला. ठेका उघडा होता. मग हे लोक झिंझर का प्यायले?

उत्तर सोपं आहे आणि तेवढंच वाईट. ठेका उघडा होता तो ज्याच्या खिशात क्वार्टरचे पैसे आहेत त्याच्यासाठी. लॉकडाऊननं हमाली, बांधकाम, यात्रेकरूंची वर्दळ, सगळंच मोडून ठेवलेलं. तीर्थाच्या गावात यात्रेकरू नाही म्हणजे भिकाऱ्याच्या वाटीतही काही नाही. शरीराची मागणी मात्र लॉकडाऊनआधी होती तेवढीच. अशा माणसाच्या परवडीत बसणारी एकच बाटली उरते, आणि ती बाटली नसते, पिशवी असते. कुलूप शटरला लावलं काय नि किमतीला लावलं काय, फुटपाथवरच्या माणसाला दोन्ही सारखंच.

मिथेनॉलबद्दल दोन शब्द, कारण हे आपल्या पोरांना माहीत असायला हवं. बिघडवलेल्या स्पिरिटमध्ये बऱ्याचदा मिथेनॉल असतं. वासानं, चवीनं ते ओळखू येत नाही. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड करतं. हे ॲसिड डोळ्याची नस जाळतं, रक्त आंबवतं. माणूस आधी नेहमीसारखा झिंगतो आणि झोपतो. बारा-चोवीस तासांनी पोट दुखतं, धुरकट दिसायला लागतं, श्वास लागतो. 'जास्त झाली असंल, झोपू दे' म्हणून घरचे सोडून देतात, तेच तास जीव वाचवण्याचे असतात. फोमेपिझोल हे औषध, किंवा ते नसेल तर डॉक्टरांनी मोजून दिलेलं साधं, पिण्याचंच अल्कोहोल, आणि डायलिसिस, हा त्यावरचा उपचार. साधं अल्कोहोल यकृताला गुंतवून ठेवतं आणि मिथेनॉलचं विष होणं लांबतं. ज्या चांगल्या दारूला पैसे नव्हते म्हणून माणूस मरतो, तीच त्याच्यावरचा उतारा निघावी, याला काय म्हणायचं?

उज्जैनमध्ये पुढं जे व्हायचं ते झालं. विशेष तपास पथक नेमलं, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना हलवलं, ठाण्यातले काहीजण निलंबित झाले. मग जानेवारी २०२१ मध्ये त्याच राज्यात मुरैना जिल्ह्यात विषारी दारूनं वीसहून जास्त माणसं मेली. ऑगस्ट २०२१ मध्ये विधानसभेनं अबकारी कायदा बदलला आणि विषारी दारूनं जीव गेला तर जन्मठेप किंवा फाशीपर्यंतची तरतूद केली. फाशीची घोषणा झाली की टाळ्या पडतात. पण फुटपाथवर झोपणाऱ्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात थरथरायला लागल्यावर कुठं जायचं, हे त्या कायद्यात नाही.

हे मध्य प्रदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. एप्रिल २०२१, दुसरी लाट. यवतमाळ जिल्ह्यातलं वणी. दुकानं बंद, म्हणून तिथं सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. शेजारचा चंद्रपूर जिल्हा २०१५ पासनं दारूबंदीचा. महिन्याभरानं, २७ मे २०२१ ला, मंत्रिमंडळानं चंद्रपूरची बंदी उठवली. कारण काय दिलं, तर अवैध दारू नि गुन्हे वाढले. वणीच्या सात जणांचं त्यानंतर कुणी नाव काढल्याचं मला तरी आठवत नाही. मुंबईत मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली तेव्हा ना साथ होती ना बंद. दारूबंदीही नव्हती. गरिबी तेवढी होती.

आपल्या बाजूला या. २००७ च्या जुलैपासनं कर्नाटकानं अरॅक बंद केली. वडिलांच्या पिढीला ती पाकिटं आठवतात, सगळ्यात स्वस्त दारू ती. बायाबापड्यांचे संसार वाचावेत म्हणून बंद केली, हेतूवर शंका नाही. पण वर्ष होतंय न होतंय तोवर, मे २००८ मध्ये, बंगळूर-कोलारच्या पट्ट्यात आणि लागून असलेल्या तमिळनाडूत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. स्वस्त माल गेला, पिणारा गेला नव्हता. मधली जागा कुणीतरी भरणारच होतं.

ही मधली जागा कोण भरतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? सीमेवर राहतो आपण. गोव्यात एक दर, महाराष्ट्रात एक, कर्नाटकात तिसरा. चोर्ला घाट, आंबोली, बांदा ही नावं आपल्याला सहलीची तेवढी नाहीत. 'एक खेप मार, पाचशे देतो' असं विचारलं गेलेलं पोरगं प्रत्येक गावात आहे. लॉकडाऊनमध्ये कोगनोळीला नाका लागला, शिनोळीला लागला, तेव्हा आडवाटांचे दर वाढले एवढंच. पकडलं गेलं तर केस त्या पोरावर. पुढं पासपोर्ट, नोकरी, पोलीस भरती, सगळीकडं तीच आडवी. माल ज्याचा तो घरात. सीमेच्या दोन बाजूंना दोन नियम आणि मधे बेकार पोरं, एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो.

आता तुमच्यातली कुणीतरी म्हणणार, आणि बहुतेक ती मुलगीच असेल, "मग काय, लॉकडाऊनमध्ये दुकानं चालू ठेवायची होती काय? आमच्या घरात त्या चाळीस दिवसांत पहिल्यांदा शांतता होती." हे खरं आहे. मला असं सांगणारी घरं माहीत आहेत. महाराष्ट्रात 'उभी बाटली, आडवी बाटली'चं मतदान घेऊन गावची दुकानं बंद करणाऱ्या बाया काही उगाच रस्त्यावर आलेल्या नाहीत. त्यांना अक्कल शिकवायला हा लेख नाही.

माझं भांडण बंद करण्याशी नाही, बंद करून पाठ फिरवण्याशी आहे. त्याच मार्चमध्ये केरळात दारू न मिळाल्यानं आत्महत्या व्हायला लागल्या, तेव्हा तिथल्या सरकारनं ३० मार्चला आदेश काढला की डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर दारू मिळेल. डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला, २ एप्रिलला उच्च न्यायालयानं आदेश थांबवला. माझ्या मते न्यायालय बरोबर होतं, दारूवरचं औषध दारू नव्हे. पण दारूवर अवलंबून असलेल्या माणसाकडं निदान रुग्ण म्हणून बघितलं ते केरळनंच. बाकी राज्यांत तो एक तर विनोद होता नाहीतर महसूल. चाळीस दिवस विनोद, एकेचाळिसाव्या दिवशी महसूल. दारू जीएसटीत नाही, तिच्यावरचा कर राज्यांच्या थेट तिजोरीत येतो, म्हणून तर दिल्लीनं ५ मेपासनं तिच्यावर ७० टक्के 'विशेष कोरोना शुल्क' लावलं. कर्नाटकानंही लगेच दर वाढवले. पिणाऱ्याकडनं पैसे घ्यायचे ठरवलं तेव्हा यंत्रणा एका रात्रीत हलली. त्याच पैशातनं प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात शंभर गोळ्यांची एक बाटली ठेवायला काय हरकत होती?

करण्यासारखं फार काही अवघड नव्हतं. घरोघरी ताप मोजायला फिरणाऱ्या आशाताईंनी आणखी एक प्रश्न विचारायचा होता, "घरात रोज पिणारं कोण आहे? हात थरथरतायत काय?" कुठल्या घरात काय चालतं हे त्यांना आधीपासनंच ठाऊक असतं. डॉक्टर नसलेल्या गावात फोनवर सल्ला देता आला असता. आणि कारखान्यातनं निघालेलं स्पिरिट कुठल्या पिंपातनं कुठं गेलं, याचा हिशेब ठेवायचा. फुटपाथवरच्या माणसाला वास घेऊन विष ओळखायला सांगण्यापेक्षा हा हिशेब सोपा आहे.

परवा उज्जैनची आणखी एक गोष्ट वाचली म्हणून हे लिहायला बसलो. १ एप्रिल २०२५ पासनं मध्य प्रदेशानं उज्जैनसह १९ धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली. महेश्वर, ओंकारेश्वर, मैहर, ओरछा, सगळी देवस्थानं. काळभैरवाचा नैवेद्य मात्र चालू आहे, भक्तांनी बाटली बाहेरनं घेऊन यायची. देवाची सोय लागली, छान झालं. गाडीनं येणारा भक्त बाटली डिकीत टाकून आणेल, त्यालाही अडचण नाही. पण खाराकुआंच्या पायरीवर झोपणाऱ्यानं हद्दीबाहेर कशानं जायचं, आणि जायचं नसेल तर त्याच्या हाताशी काय असेल, हे चौदा माणसं गमावलेल्या शहराला तरी कुणी सांगायला नको.

तुमच्या गल्लीत असे मामा असतील, आणि असतातच, तर एवढं करा. एका दिवसात बाटली फोडून 'आजपासनं बंद' अशी शपथ घालू नका. आधी डॉक्टरांकडं न्या. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा केंद्र सरकारचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. आणि दारू पिऊन झोपलेला माणूस सकाळी 'धुरकट दिसतंय' म्हणाला तर लिंबूपाणी देत बसू नका, गाडी काढा.

मामा आता पीत नाहीत असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पितात. चाराची दोन पाकिटं झाली आहेत, गोळ्याही चालू आहेत, कधी घेतात कधी विसरतात. माग अजून चालतो. मागच्या आठवड्यात निवडणुकीच्या ड्राय डेवरनं विषय निघाला, तेव्हा मामी मला म्हणाल्या, "तू लिहितोस न्हवं? लिही की मग. पुढच्या वेळी सगळं बंद करणार असाल तर आठ दिवस आधी सांगा म्हणावं. मी यांचं हळूहळू कमी करत आणते."